जॉब्रेकरचा ‘डिअर यू’ १९९५ मध्ये का नाकारला गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका तरुण बँडला मोठ्या कंपनीकडून विचारणा झाली आहे. चौघांपैकी एकाचं म्हणणं, सही केली की आपलंही जॉब्रेकर या अमेरिकी पंक बँडसारखं होणार. दुसरा म्हणतो, त्यांनी मोठ्या कंपनीसाठी केलेला ‘डिअर यू’ हा अल्बम तर आज सगळे डोक्यावर घेतात, मग बिघडलं कुठं? त्यांनी मला विचारलंय की तेव्हा नेमकं काय झालं, अल्बम खरंच वाईट होता की ऐकणारे चुकले, आणि कंपनीनं बँड संपवला असं म्हणता येईल का.

मी बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम करतोय, त्यातही गिटारवाल्या बँडांचं जास्त. त्यामुळे या अल्बमकडे मी आधी कानानं जातो आणि मग कागदपत्रांकडे वळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘डिअर यू’ हा उत्तम अल्बम आहे आणि त्याच्यावर चिडलेल्या लोकांचा रागही खरा होता. यातली एकच बाजू धरली तर सगळी गोष्ट हातातून निसटते.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ब्लेक श्वार्झेनबाख गिटार वाजवायचा आणि गायचा, ख्रिस बाउरमायस्टर बेसवर, अ‍ॅडम फालर ड्रमवर. तिघंच. १९८६ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठात असताना बँड जमला, मग लॉस एंजेलिस, आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोचा मिशन भाग. ‘अनफन’ १९९० मध्ये आला, ‘बिव्हुअ‍ॅक’ १९९२ मध्ये आणि ‘ट्वेंटी फोर अवर रिव्हेंज थेरपी’ १९९४ मध्ये. तिन्ही छोट्या लेबलांवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांकडून. व्हॅनमधून फिरायचं, कुणाच्या तरी घरी जमिनीवर झोपायचं, दारात टेबल मांडून टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकायच्या, असा त्यांचा संसार होता. ब्लेकची गाणी त्या काळातल्या पंक गाण्यांपेक्षा वेगळी होती. त्यात घोषणा नव्हत्या. एकटेपणा, दारू, तुटलेली मैत्री, बंदरातली बोट, शहरातली रात्र. साहित्य वाचलेल्या माणसाची भाषा आणि घसा फाटेस्तोवर गाणं. लोक ही गाणी स्वतःच्या डायरीसारखी जपायचे. पुढचा सगळा गोंधळ समजायला ही जवळीक लक्षात ठेवावी लागते.

आता त्या जागेबद्दल. खाडीपलीकडे बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाचा क्लब आहे. १९८६ च्या शेवटच्या रात्री सुरू झाला. स्वयंसेवक चालवतात, दारू नाही, कुठल्याही वयाच्या मुलामुलींना प्रवेश, तिकीट स्वस्त. ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ हे मासिक याच परिसरातलं. टिम योहॅनन ते चालवायचा आणि गिलमन उभं करण्यातही त्याचा मोठा वाटा होता. मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्डचं परीक्षण मासिक छापत नसे. गिलमनवरही मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला वाजवायला बंदी असे. आज हे कुणाला कर्मठ वाटेल. पण यामागे व्यवहार होता. छोटी लेबलं, टपालानं विक्री करणारे, पोरापोरींनी चालवलेले क्लब, हातानं छापलेली मासिकं, असं एक अख्खं जाळं दहाएक वर्षं खपून लोकांनी विणलं होतं. त्याच्यावर चार-पाच वर्षं वाढलेला बँड नेमका गर्दी खेचायला लागला की कंपनीनं उचलून न्यायचा, म्हणजे पेरणी यांनी करायची आणि सुगी दुसऱ्यानं. छोट्या लेबलाचा एक बँड चालला की त्याच्या पैशात पुढच्या तिघांच्या रेकॉर्ड निघायच्या. चालणारा बँड गेला की ते तिघंही थांबायचे. तेव्हा बंदी ही निव्वळ रुसवा नव्हती.

१९९४ हे वर्ष या जाळ्यासाठी वादळाचं होतं. गिलमनवरच वाढलेल्या ग्रीन डे या बँडनं आदल्या वर्षी रिप्रीझ या मोठ्या कंपनीच्या लेबलाशी करार केला आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम आला. एकट्या अमेरिकेत तो पुढे एक कोटी प्रतींच्या वर गेला. गिलमनचे दरवाजे त्यांना बंद झाले ते २०१५ मधल्या एका मदतनिधीच्या कार्यक्रमापर्यंत. ऑफस्प्रिंग या बँडचा ‘स्मॅश’ एपिटाफ या स्वतंत्र लेबलावर असूनही कोटीत विकला गेला. कंपन्यांची माणसं चेकबुक घेऊन कॅलिफोर्नियात फिरायला लागली. वातावरण किती तापलं होतं याचा अंदाज एका घटनेवरून येईल: मे १९९४ मध्ये डेड केनेडीज या पंक बँडच्या जेलो बियाफ्राला, म्हणजे आयुष्यभर स्वतःचं स्वतंत्र लेबल चालवणाऱ्या माणसाला, गिलमनमध्येच ‘विकला गेलास’ असं ओरडत मारहाण झाली. त्याचा पाय जायबंदी झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘मॅक्सिमम रॉकनरोल’नं मोठ्या कंपन्यांवर विशेष अंक काढला. त्यात रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीचा लेख पुन्हा छापला होता. मूळ लेख आदल्या वर्षी ‘द बॅफलर’ या नियतकालिकात आला होता. तुमच्या बँडनं हा हिशेब जेवणाच्या टेबलावर मांडून वाचावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तो इथे देतो. उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे धंद्यातल्या माणसाचे आहेत. चार जणांचा बँड. कंपनी अडीच लाख डॉलर आगाऊ देते. अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात, म्हणजे कुणीही यशस्वीच म्हणेल. बँडच्या नावावर रॉयल्टी जमते ३,५१,००० डॉलर. त्यातून आगाऊ दिलेले २,५०,००० वळते होतात. निर्मात्याच्या टक्क्यांचे ४०,०००, प्रमोशनचे २५,००० आणि जुन्या लेबलाकडून सोडवून घेण्याचे ५०,००० जातात. शिल्लक उणे १४,०००. म्हणजे अडीच लाख प्रती विकून बँड कंपनीचा देणेकरी. कंपनीला नफा ७,१०,०००. बँडमधल्या प्रत्येकाच्या हातात, सगळे दौरे-बिरे धरून, ४,०३१ डॉलर. किराणा दुकानाच्या काउंटरवर उभं राहिलं असतं तर याच्या तिप्पट मिळाले असते, असं अल्बिनी लिहितो.

ही आगाऊ रक्कम म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून उचल घेतं आणि मग हंगामभर ती फेडत राहतं. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. रेकॉर्ड करारातला अ‍ॅडव्हान्स ही उचलच असते. फरक एवढाच की बँडची उचल बँडच्या टक्क्यांतून फिटते, कंपनीच्या टक्क्यांतून नाही. त्यामुळे बँड कर्जात असताना कंपनी कधीच नफ्यात पोचलेली असते.

आता जॉब्रेकर. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये ते निर्वाणा या बँडबरोबर काही कार्यक्रम करून आले, तेवढ्यावरच कुजबुज सुरू झाली होती. ब्लेकनं स्टेजवरून आणि मुलाखतींतून सांगितलं, एकदा नाही, अनेकदा सांगितलं, की आम्ही मोठ्या कंपनीत जाणार नाही. आणि मग ते डीजीसीत गेले. डीजीसी म्हणजे गेफन या मोठ्या कंपनीचा उपविभाग. निर्वाणा तिथेच, सॉनिक यूथ तिथेच. दहा लाख डॉलरचा आणि तीन अल्बमचा करार अशा बातम्या आल्या. बँडमध्ये आधीच कुरबुरी होत्या, ते थांबण्याच्याच बेतात होते, आणि मोडायच्या आधी एकदा हे करून बघू असा विचार झाला, असं त्यांच्या नंतरच्या बोलण्यातून दिसतं.

इथे मला श्रोत्यांची बाजू घ्यायची आहे. ग्रीन डेनं असं वचन जाहीरपणे कधी दिलेलं नव्हतं. जॉब्रेकरनं दिलं होतं, आणि ते अशा माणसानं दिलं होतं ज्याचे शब्द लोक मनगटावर गोंदवून घेत होते. सतरा वर्षांच्या मुलीनं आपल्या एकटेपणात ज्याचा आवाज सोबतीला घेतला, त्यानं दिलेला शब्द मोडला तर तिला फसवल्यासारखं वाटणारच. ‘पंकवाल्यांचा पोरकटपणा’ असं म्हणून हे झटकून टाकणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. मला ते पटत नाहीत. शब्दाला किंमत असते हे त्या गाण्यांनीच त्यांना शिकवलं होतं.

पण राग करारावर होता, आणि तो काढला गेला अल्बमवर. कारण अल्बमचा आवाजच त्या करारासारखा ऐकू येत होता. माझ्या धंद्याचा संबंध इथे येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

‘ट्वेंटी फोर अवर’चा बराचसा भाग शिकागोत अल्बिनीनंच रेकॉर्ड केला, १९९३ मध्ये, काही गाणी नंतर सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा केली. अल्बिनीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. बँडनं एकत्र वाजवायचं, खोलीचा आवाज पकडायला माइक लांब ठेवायचे, वरून थर कमी चढवायचे, आवाज वाद्यांच्या मधोमध बसवायचा. ऐकताना तुम्ही त्या खोलीत, ड्रमपासून चार पावलांवर उभे असता. बेस आणि गिटार वेगळे कळतात. ख्रिसचा बेस तर अनेकदा गाण्याची खरी चाल वाजवत असतो. आणि ब्लेकचा गळा. १९९२ च्या युरोप दौऱ्यात त्याच्या स्वरयंत्रावर गाठ वाढून रक्त यायला लागलं होतं, दौऱ्यातच शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्यावर त्यानं गाणंही लिहिलं. त्या अल्बमवरचा आवाज अजूनही खरखरीत आहे, कडा फाटलेल्या आहेत.

‘डिअर यू’ १९९५ च्या सुरुवातीला बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत झाला. निर्माता रॉब कव्हालो, मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची शेवटची जुळवणी, जेरी फिनचं. हीच जोडी, हाच स्टुडिओ ‘डूकी’चा. कंपनीच्या डोक्यात काय होतं ते यावरून उघड आहे. पहिलं गाणं सुरू होतं आणि गिटार समोरून भिंतीसारखी येते. एकच भाग पुन्हा पुन्हा वाजवून थर चढवले की असा आवाज होतो: डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये आणखी. अशा भिंतीत गिटारीचे खालचे सूर बेसची जागा खातात. मग बेस ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. तिघांच्या बँडमध्ये हा बदल लहान नाही, कारण तिसऱ्या माणसाचा आवाज मागे जातो. ड्रमवरून खोली गायब झाली आहे, प्रत्येक घाव आखीव आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लेक ओरडत नाही. गळा बरा झालेला माणूस माइकच्या जवळ येऊन, थोडा थकलेला, खालच्या पट्टीत गातो. मिक्समध्ये त्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे ठेवला आहे.

जुन्या श्रोत्याला यातून काय ऐकू आलं? खरखर गेली, म्हणजे पैशानं घासून गुळगुळीत केली. खरं तर अर्धी खरखर डॉक्टरांनी काढली होती. ज्या गळ्यातून रक्त आलं तो पुन्हा तसाच ताणावा अशी अपेक्षा कुठल्याही गायकाकडून कुणी करू नये. माझ्याकडे येणाऱ्या गायकांना मी हे दर वेळी सांगतो, की गळा फाडून गाणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही. पण १९९५ मध्ये सीडी घरी आणून लावणाऱ्याला हे सगळं एकदम कानावर पडलं: नवं लेबल, जाड गिटार, मऊ आवाज. त्यानं तिन्हींचं कारण एकच धरलं.

आणि तरी मी या मिक्सच्या बाजूनं आहे, निदान बऱ्याच अंशी. ‘अ‍ॅक्सिडेंट प्रोन’ हे गाणं घ्या. सहा मिनिटांच्या वर चालतं. सुरुवातीला गिटार जवळजवळ मोकळी, आवाज बोलल्यासारखा. मग हळूहळू एकेक थर येतो, आणि मधला वाद्यांचा लांब भाग येईपर्यंत ती भिंत पूर्ण उभी राहिलेली असते. ती वाढ दोन माइक आणि एका टेकमध्ये मिळत नाही. त्या गाण्यातला माणूस स्वतःलाच पुन्हा पुन्हा जखमी करून घेतो आणि त्याला ते कळतंही. त्याचा आवाज इतका जवळ नसता, त्यातला श्वास ऐकू आला नसता, तर ते गाणं निम्मं उरलं असतं. हेडफोन लावून शेवटच्या दोन मिनिटांत फक्त अ‍ॅडमच्या ड्रमकडे लक्ष द्या. गाणं वाढत जातं तसा तो मोह आवरतो. कुठेही जास्तीचे ठोके भरत नाही. ‘जेट ब्लॅक’मध्येही हाच संयम आहे. ‘ऑयस्टर’ आणि ‘केमिस्ट्री’मधली शब्दांची घनता त्या वर्षी रेडिओवर वाजणाऱ्या कुठल्याही गिटार बँडकडे नव्हती असं मी म्हणेन.

जिथे मिक्स मला खटकतं ती जागाही सांगतो. ‘बॅड सीन, एव्हरीवन्स फॉल्ट’सारखं दोनेक मिनिटांचं गाणं, पार्टीतली भांडाभांडी, त्याला ही भिंत नको होती. तिथे घामेजलेली छोटी खोली हवी. सगळ्या गाण्यांवर एकच मोजमाप लावलं गेलं आहे, आणि सलग ऐकताना मधल्या भागात कान दमतो. ही तक्रार रास्त आहे, आणि ती करणारे सगळे पूर्वग्रहदूषित नव्हते.

१२ सप्टेंबर १९९५ ला अल्बम बाजारात आला. सुमारे ४०,००० प्रती खपल्या. छोट्या लेबलावर हा आकडा मिरवण्यासारखा ठरला असता. डीजीसीच्या खातेवहीत तो अपयश होता, आणि वर मांडलेला उचलीचा हिशेब आठवा म्हणजे बँडच्या खात्यात काय उरलं असेल ते कळेल. कार्यक्रमांत नवी गाणी सुरू झाली की जुने चाहते स्टेजकडे पाठ करून जमिनीवर बसायचे. गाणारा माणूस पाच फुटांवर, आणि समोर पाठींची रांग. मी स्टेजच्या बाजूला उभं राहून पुष्कळ बँड वाजताना पाहिलेत. बाटल्या फेकल्या तरी बँड वाजवत राहतो, कारण त्यात निदान देवाणघेवाण असते. या मौनानं किती आत घाव बसला असेल याची कल्पना मला करवत नाही.

नवा श्रोता का आला नाही, हा प्रश्न कमी विचारला जातो, आणि माझ्या मते कंपनीची खरी चूक तिथे आहे. डीजीसीनं ‘डूकी’चा स्टुडिओ, निर्माता, मिक्स करणारा, सगळं आणलं, गाणी मात्र वेगळ्या जातीची होती. ‘डूकी’ची गाणी छोटी, वेगवान, विनोदी, पंधरा वर्षांच्या मुलाला लगेच गुणगुणता येतील अशी. ‘डिअर यू’ लिहिणारा माणूस अठ्ठावीस वर्षांचा होता, त्याला नातं संपल्यानंतरचा कोरडा काळ मांडायचा होता, आणि तो मध्यम लयीत, लांब वाक्यांत मांडत होता. ‘फायरमन’ हे गाणं सिंगल म्हणून निवडलं, त्याचा व्हिडिओ झाला, पण तेही काही उड्या मारायचं गाणं नव्हे. त्यातच महिनाभरात ग्रीन डेचा पुढचा अल्बम ‘इन्सोम्निअ‍ॅक’ आला, तोही कव्हालोचाच. रॅन्सिड हा पंक बँड आधीच बाजारात होता, आणि तो एपिटाफवर राहूनच जोरात चालला होता. पंकच्या नावाखाली अल्बम विकायचा तर तो या रांगेत मंद वाटणार, आणि पंक म्हणून विकायचा नाही तर मग कुणाला विकायचा हे कंपनीला सुचलं नाही. ही गाणी ज्यांची होती ते श्रोते तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. त्यांना अजून कुणी सोडून जायचं होतं.

त्या लाटेत करार केलेल्या बहुतेक बँडांचं थोड्याफार फरकानं हेच झालं. डिस्कॉर्ड हे छोटं लेबल सोडून अटलांटिक या मोठ्या कंपनीत गेलेला जॉबॉक्स, त्याच कंपनीतला सॅमिअ‍ॅम. कंपन्यांनी दहा बँड घ्यायचे, एक ‘डूकी’ निघाला की बाकी नऊंचा खर्च भरून निघतो. कंपनीसाठी हा धंदा बरोबरच आहे. त्या नऊंपैकी एक असलेल्या बँडला मात्र दुसरं आयुष्य नसतं.

कंपनीनं बँड संपवला का? संपवला, असं मी म्हणणार नाही. १९९६ च्या दौऱ्यात ब्लेक आणि ख्रिसमध्ये मारामारीपर्यंत गोष्ट गेली आणि त्यानंतर बँड थांबला. तिघांच्या मनातली तेढ जुनी होती. पण दहा वर्षं एका व्हॅनमध्ये काढलेल्या माणसांना बाहेरून आधार असेल तर आतली तेढ सोसता येते. इथे जुने लोक पाठ करून बसलेले, नवे आलेले नाहीत, आणि कंपनीचा पुढचा फोन कधी येईल याचा पत्ता नाही. यात टिकणारे बँड फार थोडे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. अल्बमचं उत्पादन बंद झालं. तो जुन्या दुकानांतून आणि कॅसेटवर उतरवून हातोहात फिरत राहिला. ज्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा वर उल्लेख केला ती मोठी झाली, त्यांनी स्वतःचे बँड काढले, आणि २००० नंतर ज्या प्रकारच्या भावुक गिटार संगीताची लाट आली तिच्यात ‘डिअर यू’चे ठसे जागोजागी सापडतात: जवळून गाणारा गायक, जाड गिटार, कबुलीजबाबासारखे शब्द. त्यांना ते जुनं वचन माहीत नव्हतं, किंवा माहीत असलं तरी ते त्यांना दिलेलं नव्हतं. २००४ मध्ये अ‍ॅडमनं आपल्या ब्लॅकबॉल या छोट्या लेबलातून अल्बम पुन्हा काढला. २०१७ मध्ये शिकागोच्या रायट फेस्ट या संगीत महोत्सवात तिघं पुन्हा एकत्र उभे राहिले, आणि २०२२ मध्ये याच अल्बमच्या नावानं दौरा झाला. ज्या गाण्यांना पाठ दाखवली होती ती गाणी आता हॉलभर लोक म्हणत होते. मला त्याचा फार आनंद झाला. पण त्यावरून १९९५ मधले लोक खोटे ठरतात असं मी म्हणणार नाही. त्यांचं जाळं खरंच फाटलं होतं. ते शिवायला पुढची बरीच वर्षं लागली.

आता तुमच्या चौघांचं. तुम्ही कुणाला असं वचन दिलंय का हे आधी एकमेकांना विचारा. दिलं असेल आणि मोडणार असाल तर सही करायच्या आधी, तुमच्या तोंडून, तुमच्या लोकांना सांगा. बातमीतून कळू देऊ नका. निर्माता कोण हे कंपनी ठरवणार असेल तर तुमची दोन गाणी त्याच्याकडून आधी करून घ्या आणि तुमचा बेस कुठे गेला ते ऐका. गळा फाडून गाणारा तुमच्यात जो कोणी असेल त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे एकदा पाठवा, घसा बसायची वाट न बघता.

कागदावर तीन गोष्टी. पहिली, उचल किती यापेक्षा ती कशातून फिटणार हे बघा: व्हिडिओ, प्रमोशन, दौऱ्याचा खर्च यातलं काय काय तुमच्या खात्यावर चढणार ते ओळीओळीनं लिहून घ्या. दुसरी, गाण्याची चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगच्या मास्टरचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा, वेगळा. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीतला वाटा असा सहजी लिहून देता येत नाही, पण मास्टर बहुधा कंपनीकडेच जातो. हे वकिलाकडून वाचून घ्या, आणि तो वकील कंपनीनं सुचवलेला नसावा.

तिसरी गोष्ट मी सगळ्यात आग्रहानं सांगेन. कंपनीनं अल्बम बाजारातून काढला किंवा ठरावीक वर्षं दुर्लक्षित ठेवला, तर मास्टर तुमच्याकडे परत येईल, असं कलम मागा. ‘डिअर यू’च्या बाबतीत स्वतःच वाजवलेला अल्बम पुन्हा दुकानात आणण्यासाठी ड्रमरला आठ-नऊ वर्षांनी कंपनीकडून परवाना घ्यावा लागला. नवे बँड हे कलम मागत नाहीत, कारण सहीच्या दिवशी आपला अल्बम कुणी बंद करेल असं कुणालाच वाटत नसतं. कंपनी आधी नाही म्हणेल. पाच वर्षं म्हणा, ती दहा म्हणेल, सातवर या. पण त्या कलमाशिवाय उठू नका.